जुनी फॅमिली कार घेताना काय तपासावं? कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

दसऱ्याच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर तेच ते प्रश्न पुन्हा येतात. दहा-पंधरा वर्षांची वॅगन आर, स्विफ्ट, आय-टेन किंवा इनोव्हा बघून झालेली असते, बजेट ठरलेलं असतं, घरच्यांना रंग आवडलेला असतो आणि "घेऊ का?" एवढंच विचारायचं असतं. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किती वर्षांची आणि किती किलोमीटर चाललेली गाडी घ्यावी?

नुसत्या आकड्यावर ठरवू नका. पुणे-कोल्हापूर हायवेवर सव्वा लाख चाललेली आणि वेळेवर ऑइल बदललेली पेट्रोल गाडी, महाद्वार रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चाळीस हजार रखडलेल्या गाडीपेक्षा बरी निघू शकते. फार कमी चाललेली गाडी हा तर वेगळाच फसवा माल. उभ्या गाडीचे रबरी पाइप कडक होतात, ब्रेक कॅलिपर अडकतात, टायरला भेगा पडतात, आणि "चाललीच नाही" म्हणून चार-चार वर्षं ऑइल बदललेलं नसतं. बिलं असतील तर लाखाचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. बिलं नसतील तर पन्नास हजारांवरही विश्वास ठेवू नका. मागितलेल्या किमतीत पहिल्या वर्षाचा खर्च मिळवा आणि मग गाडी महाग की स्वस्त ते ठरवा.

२. गाडी बघायला कधी जावं?

सकाळी, उजेडात, कोरड्या दिवशी. आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी ती आधीच तापवून ठेवली आहे, आणि त्याला बहुधा कारण असतं (प्रश्न ६). पाऊस पडून गेलेल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही, रात्री ट्यूबलाइटखाली तर काहीच दिसत नाही. सोबत टॉर्च, जुना टॉवेल आणि फ्रिजवरचं लोहचुंबक असू द्या.

३. मीटर मागे फिरवलाय का, हे घरच्या घरी कळतं का?

खात्रीने नाही, पण संशय घ्यायला पुरेसं दिसतं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. पस्तीस हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही. नवंकोरं पेडल रबर असेल तर त्याहून जास्त शंका घ्या. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१५ ची गाडी "तीस हजारच चालली" म्हणतात आणि चारही टायर २०२२ चे निघतात, तर पहिले टायर कुठे झिजले ते विचारा. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली ऑइल बदलल्याचे जुने स्टिकर राहून गेलेले असतात. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद. मालकाला सोबत नेलं तर गाडी नंबरवरून तारखा आणि किलोमीटर मिळतात. मालक यायलाच तयार नसेल, तर त्यातूनही काय ते समजतं.

४. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

कोल्हापुरात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यायलाच हवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीच्या खूप वर गेली आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडला. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी भागात पाणी शिरलं, शिरोळ तालुक्याचं तर विचारूच नका. विम्याने टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशी) ठरवलेली गाडी भंगारातच जाते असं नाही. लिलावात विकली जाते, कुणीतरी धुऊन-वाळवून उभी करतो आणि दोन जिल्हे फिरून ती परत बाजारात येते. सांगली, चिपळूण, महाडकडून आलेल्या गाड्यांनाही हेच लागू.

तपासणी सीटबेल्टपासून सुरू करा. पुढचा बेल्ट सावकाश, पार शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा धुतलेला असतो, पण रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग सहसा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की पुढचं बघायची फारशी गरज उरत नाही. तरी स्टेपनी काढून खालच्या खोबणीत बोट फिरवा. नदीचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो आणि कोपऱ्यात चिकटून बसतो. सीटखालचे बोल्ट आणि रुळ गंजलेत का, हेडलाइटच्या आत आडवी रेघ आहे का, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर आहे का ते बघा. दाराजवळचं कार्पेट उचकटून खालचा फोम दाबा आणि हाताचा वास घ्या. बारा वर्षांच्या गाडीत कोरं कार्पेट, कोरे सीटकव्हर आणि अत्तराचा घमघमाट एकत्र असेल तर खूश होऊ नका.

कागदावरही खूण सापडते. २०१९ ते २०२२ मधल्या विमा पॉलिस्या मागा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) वर्षागणिक वाढत जाऊन मध्येच शून्यावर आला असेल, तर आदल्या वर्षी क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. कशाचा क्लेम, ते विचारा.

५. मालक प्रामाणिकपणे सांगतोय की फक्त चाकापर्यंत पाणी आलं होतं. मग घ्यावी का?

पाणी खरंच चाकाच्या मध्यापर्यंतच होतं आणि गाडी पाण्यात चालवलेली नव्हती, तर घ्यायला हरकत नाही. व्हील बेअरिंगचा घुंघुं आवाज येतो का बघा, ब्रेक उघडून बघा, गिअर ऑइल थोडं काढून दुधाळ झालेलं नाही ना याची खात्री करा. पाणी कार्पेटच्या वर गेलं असेल तर विषय बदलतो. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, फरशीलगत असतं. वायरिंगच्या जोडांतला गंज सहा महिन्यांनी, वर्षाने डोकं वर काढतो. अशी गाडी अर्ध्या किमतीतही आम्ही सुचवत नाही. अपवाद एकच: कार्ब्युरेटरवाली जुनी ओम्नी किंवा मारुती ८०० यांसारखी, जिच्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाही अशी गाडी. ती उघडून, साफ करून पुन्हा उभी करता येते.

६. गाडी चालू केल्यावर धूर आला तर काय समजायचं?

थंड इंजिन चालू करताना एकाने आत बसावं, एकाने सायलेन्सरपाशी थांबावं. थंडीत सकाळी दोन मिनिटं विरळ पांढरी वाफ आली तर ती वाफच. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) आत जळतंय (प्रश्न ७). निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो फक्त चालू करताना आला तर व्हॉल्व्ह सील असू शकतात, जोर दिल्यावर सतत आला तर रिंग किंवा टर्बो. डिझेल गाडीने रेस दिल्यावर काळा धूर सोडला तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), एअर फिल्टर तपासायला लागतील. शेवटी इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. थोडी फुरफुर चालते. झाकण उडू पाहत असेल आणि भसाभसा वाफ येत असेल तर इंजिनचं काम जवळ आलंय.

७. "गाडी कधीच तापत नाही" असं सांगतात. तपासायचं कसं?

मरणाच्या दारात नेऊन ठेवलेली जेवढी इंजिनं दिसतात, त्यांतली बरीच तापून गेलेली असतात. त्यामुळे इथे घाई करू नका. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलंत तर हात भाजेल. आत हिरवं, गुलाबी, निळं, कुठल्याही रंगाचं स्वच्छ कूलंट हवं. तांबूस गढूळ पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं गेलंय आणि आतून क्षार धरलाय. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, गेलंय.

मग एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभीच चालू ठेवा. फॅन आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने बंदही झाला पाहिजे. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो. इग्निशन ऑन केल्यावर तो दिवा क्षणभर लागतो का बघा, कारण दिवाच काढून टाकलेल्या गाड्याही असतात. आणखी एक उद्योग इथल्या गॅरेजांत चालतो: गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा. तात्पुरतं भागतं, पण मग हायवेवर इंजिन नीट तापत नाही, ॲव्हरेज पडतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच गाडी सोडू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत वाफेमुळे तेवढं साचतं. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र उठून या.

८. टायमिंग बेल्ट आहे की चेन, याने एवढा काय फरक पडतो?

दोन्हींचं काम एकच, इंजिनचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायचे. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना बदलावाच लागतो. चालू गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. सँट्रो झिंग, १.१ इंजिनची आय-टेन, जुनी इंडिका डिझेल, २.५ लिटरची पहिली इनोव्हा, आल्टो ८०० या बेल्टवाल्या. मारुतीची के सिरीज इंजिनं, १.२ कप्पा इंजिनची आय-टेन, १.३ लिटर डिझेलची स्विफ्ट-डिझायर या चेनवाल्या. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवलं नाही, तर तो बदललेला नाही असंच धरा आणि बेल्ट, टेन्शनर, जमलं तर वॉटर पंपसुद्धा, हा सगळा खर्च किमतीतून वजा करायला लावा. चेन "आयुष्यभर चालते" हे ऑइल वेळेवर बदललं तरच खरं. थंड इंजिन चालू करताना पुढून काही सेकंद खडखड आवाज आला तर चेन सैल झालीय.

९. क्लच आणि गिअरबॉक्स कुठे तपासावा?

रंकाळ्याला एक चक्कर मारून काही कळत नाही. वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतोय. आंबा, गगनबावडा, फोंडा घाटांत वर्षानुवर्षं हाफ क्लचवर चाललेल्या गाड्या इथे भरपूर आहेत, त्यामुळे कमी किलोमीटरलाही क्लच गेलेला सापडतो. काही डिझेल गाड्यांत क्लचसोबत ड्युअल मास फ्लायव्हीलही बदलावं लागतं आणि बिल भलतंच फुगतं.

उतरताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घ्या. करकर आवाज आला तर सिंक्रो (गिअर जुळवणारी रिंग) झिजलाय, गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. त्याच उतारावर ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. हे काम छोटं आहे.

१०. एएमटी (क्लच पेडल नसलेली) गाडी जुनी घ्यावी का?

घ्या, पण चढावर थांबून पुन्हा उचलून बघितल्याशिवाय नको. एएमटीतही साधा क्लचच असतो, फक्त तो दाबायचं काम ॲक्च्युएटर करतो. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, झटका देते किंवा गिअरच्या जागी चुकीचं चिन्ह दाखवते, तर तो खर्च साध्या क्लचपेक्षा बराच मोठा. घाटात रोज जाणार असाल तर आमचा कल मॅन्युअलकडेच.

११. खड्ड्यात खडखड आवाज येतो. मोठा दोष असेल का?

बहुतेक वेळा नाही. लिंक रॉड आणि लोअर आर्म बुश हे आवाजाचे नेहमीचे धनी, आणि दोन्ही स्वस्तात होतात. शॉकअपमधून ऑइल गळत असेल तर जोडीने बदलायचे. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आली तर सीव्ही जॉइंट. सरळ रस्त्यावर स्टेअरिंगमध्ये धक्का जाणवत असेल तर स्टेअरिंग रॅक, आणि हा खर्च मात्र मोठा. टायर आतल्या बाजूने जास्त झिजले असतील तर नुसतं अलाइनमेंट करून भागेल असं गृहीत धरू नका. आर्म किंवा चॅसिस वाकलेलं असू शकतं (प्रश्न १३).

१२. कोकणातली किंवा गोव्याची गाडी स्वस्त मिळतेय. अडचण काय?

खारी हवा. वरून रंग चकचकीत आणि खालून पत्रा कुरतडलेला, अशी गाडी रत्नागिरी, मालवण पट्ट्यातून नेहमी येते. बॅटरीखालचा ट्रे, दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, स्टेपनीची खोबणी आणि गाडी रॅम्पवर घेऊन फरशी बघा. दार-फेंडरचा गंज म्हणजे डेंटिंग-पेंटिंगचं काम, तो परवडतो. सस्पेन्शन जिथे बसतं त्या पत्र्याला गंजाने भोक पडलं असेल तर गाडी सोडा. खालून ताजं काळं कोटिंग मारलं असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, भुसभुशीत पत्र्याचा आवाज लगेच वेगळा येतो.

गोवा किंवा बेळगावकडच्या गाडीला आणखी एक गोष्ट लागते: तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्सही भरावा लागतो. स्वस्ताई त्यातच संपते का, ते आधी मांडून बघा.

१३. अपघातातली गाडी कशी ओळखावी?

बंपर आणि फेंडर रंगवलेले असणं हा अपघात नाही. इथल्या पार्किंगमध्ये ते कुणालाच चुकत नाही. बॉनेट उघडा आणि फेंडरच्या आतला पत्रा, म्हणजे ॲप्रन, दोन्ही बाजूंनी ताडून बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल, सारख्या अंतरावर असतात. एका बाजूला ते गायब असतील किंवा हाताने लावलेलं सीलंट असेल तर पुढून जोरदार बसलेली आहे. बॉनेटच्या आणि दारांच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा बघा. लोहचुंबक टॉवेलच्या टोकात धरून पत्र्यावर फिरवा, जिथे ते पकडत नाही तिथे खाली पुट्टी. बंपर प्लॅस्टिकचे असल्याने तिथे ही परीक्षा लागू नाही. सगळ्या काचांवरचा सालाचा कोड सारखा आहे का तेही बघा.

१४. डिझेल घ्यावं, पेट्रोल की सीएनजी?

रोज शाळा, बाजार आणि महिन्यातून एकदा गावी, एवढंच असेल तर पेट्रोल. छोट्या फेऱ्यांनी डिझेलचं ईजीआर काजळतं, आणि बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, म्हणून १.३ ची जुनी स्विफ्ट घेताना लोक कचरतात. पण तेच इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की पार्टची ओरड नाही, मिस्त्रींचाही त्यात हातखंडा. सीएनजी कंपनी फिटेड आहे की बाहेरचं, हे आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात बघा. बाहेरचं किट आरसीवर चढवलेलं नसेल तर विमा क्लेमला अडतं. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तारीख प्लेटवर असते.

१५. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या ई२० ला चालतील अशा सामग्रीच्या आहेत. त्याआधीच्या गाड्यांत ॲव्हरेज थोडं पडतं आणि जुने रबरी पाइप, सील लवकर कडक होऊ शकतात. त्यामुळे घेतल्यावर फ्युएल लाइन आणि फिल्टर एकदा बघून घ्या. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीबद्दल जास्त सावध राहा. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला शिव्या घालणं अवघड आहे, हा भाग वेगळा.

१६. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते ना?

खासगी गाडीला महाराष्ट्रात तसं नाही. तो नियम दिल्ली परिसराचा. इथे नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढते. फॉर्म २५ लागतो, एप्रिल २०२२ मध्ये कारसाठी नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झालं होतं, शिवाय पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटते, कारण हा सगळा खर्च तुमच्या वाट्याला येणार असतो. नोंदणीची तारीख आरसीवर बघा, "मॉडेल अमुक सालचं" यावर जाऊ नका.

१७. कागदपत्रांत नेमकं काय बघायचं?

इंजिन आणि चॅसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, खरेदीनंतर तीस दिवसांत. चलनं परिवहनच्या साइटवर दिसतात, सौद्याआधीच भरायला लावा. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, आणि लक्षात ठेवा, नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन "नंतर करू" म्हणणाऱ्या एजंटाला पूर्ण पैसे देऊ नका.

१८. गाडी पाहुण्यांचीच आहे. मिस्त्री घेऊन गेलो तर वाईट दिसेल. काय करू?

हा प्रश्न दर काही आठवड्यांनी येतो, आणि शेवटी रुसवेफुगवे होतात ते याच सौद्यांत. मिस्त्रीला त्यांच्या दारात नेऊ नका. "दोन दिवस वापरून बघतो" म्हणून किल्ली मागा, पाहुणे शक्यतो नाही म्हणत नाहीत. पहिल्या दिवशी थंड इंजिन, चढ आणि एसी स्वतः बघा. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात किंवा तुमच्या नेहमीच्या गॅरेजात गाडी रॅम्पवर घ्या आणि निघालेली कामं खर्चासकट कागदावर लिहून आणा. पाहुण्यांपुढे किमतीऐवजी तो कागद ठेवा. कामं ते करून देतील किंवा तेवढे पैसे कमी करतील. आणि नाव बदलणं प्रश्न १७ प्रमाणे लगेच, कारण पुढे कधी अपघात झाला तर समन्स जुन्या मालकाच्या, म्हणजे मामांच्याच घरी जाईल.